शिडाच्या होडीवर कुठला बावटा कुठे लावायचा?

मे महिना सरत आला की कोकणच्या किनाऱ्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला.' खरं पाहिलं तर बंदराच्या काठीवर दिवसा कापड फडकत नसतं. शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा वर चढवतात, रात्री दिवे लावतात. तरी तोंडात शब्द बावटाच. आणि वादळी हवेचा हा इशारा लागला म्हटल्यावर तांडेलाला वेगळं काही सांगावं लागत नाही. होडी वर ओढायची, जाळी घरी न्यायची.

समुद्रावरच्या बावट्यांचं मर्म या वाक्यात आहे. बावटा म्हणजे निरोप. तो निरोप काय आहे हे कापडाच्या रंगावरून कळतं, तसंच ते कापड होडीवर कुठे आणि केव्हा लावलं आहे यावरूनही कळतं. एकच झेंडा एका जागी मालकाचा देश सांगतो आणि दुसऱ्या जागी यजमान देशाला नमस्कार करतो. जागा चुकली की बोलायचं होतं एक आणि बोललं गेलं भलतंच, अशी गत होते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका मित्राने ३६ फुटी जुनी यॉट घेतली. पहिल्याच रविवारी आम्ही चौघे गेटवेसमोरून मांडव्याच्या दिशेने निघालो. मित्राने घरून तिरंगा आणला होता आणि मोठ्या प्रेमाने तो डोलकाठीच्या पार टोकाला चढवला होता. आमच्यात एक निवृत्त कॅप्टन होते, सारी हयात व्यापारी जहाजांवर काढलेले. त्यांना आम्ही काका म्हणतो. काकांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तो आधी उतरव. आणि घडी नीट घाल."

मित्राचा चेहरा पडला. "काका, सगळ्यांत उंच तर लावलाय. त्याहून मोठा मान कुठला?"

"उंचीचा मान जमिनीवर. होडीवर मान पिछाडीला."

त्या दिवशी मांडव्यापर्यंत काका बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. नंतर मी स्वतः बरंच वाचलं, विचारलं, हाताने करून पाहिलं. ज्यांना शिडाच्या होडीवर जायचं आहे किंवा दुरून नुसती होडी पाहून ती कोणाची, कुठली हे ओळखायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पिछाडीचा ध्वज

होडीच्या पुढच्या टोकाला आपण नाळ म्हणतो. तिच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे पिछाडीला, एक छोटी तिरकी काठी असते. त्या काठीवरच्या ध्वजाला जगभर 'एन्साइन' म्हणतात. होडी कोणत्या देशात नोंदलेली आहे हे तो सांगतो. होडीवरच्या सगळ्या बावट्यांत याचा मान पहिला. पिछाडीच का, तर जुन्या शिडाच्या जहाजांवर सुकाणू मागे, कप्तानाची खोली मागे, हुकूम सुटायचा तोही मागूनच. जहाजाचा धनी जिथे उभा राहायचा तिथेच धन्याच्या देशाची खूण.

आता आपल्याकडच्या बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. भारतात नोंदलेल्या बिगरलष्करी जहाजाचा एन्साइन म्हणजे नुसता तिरंगा नव्हे. तो लाल ध्वज आहे आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात, काठीच्या बाजूला, तिरंगा आहे. मुंबई बंदरात उभ्या असलेल्या भारतीय मालवाहू जहाजाच्या पिछाडीकडे कधी दुर्बिणीतून पाहा, हाच लाल ध्वज दिसेल. नौदलाचा वेगळा, पांढरा. तटरक्षक दलाचा निळा. तिन्हींच्या त्याच कोपऱ्यात तिरंगा असतो. म्हणजे कोपरा देश सांगतो आणि बाकीच्या कापडाचा रंग सांगतो की हे जहाज व्यापाराचं, युद्धाचं की किनाऱ्याच्या पहाऱ्याचं.

नौदलाच्या पांढऱ्या ध्वजाची गोष्ट मराठी माणसाला जवळची वाटेल. २६ जानेवारी १९५० पासून त्यावर इंग्रजी परंपरेतला लाल क्रूस होता. २००१ मध्ये तो काढला, २००४ मध्ये परत आला, मधोमध अशोकस्तंभाची राजमुद्रा घेऊन. २०१४ मध्ये तिच्याखाली देवनागरीत 'सत्यमेव जयते' आलं. शेवटी २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत 'विक्रांत' नौदलात दाखल झाली त्या समारंभात नवा ध्वज आला. लाल क्रूस गेला आणि निळ्या पार्श्वभूमीवरचं, दुहेरी सोनेरी किनारीचं अष्टकोनी चिन्ह आलं. तो अष्टकोन शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतला आहे. आत नांगर, वर सिंहमुद्रा आणि खाली 'शं नो वरुणः'. ज्याने आरमार उभं केलं त्याच्या मुद्रेचा आकार आज प्रत्येक भारतीय युद्धनौकेच्या पिछाडीला आहे, हे मला प्रत्येक वेळी पाहताना भरून आणतं.

पण म्हणून हौशी होडीवाल्याने नौदलाचा ध्वज लावायचा नाही. आपण जे नाही ते असल्याचं सांगणारा तो निरोप होतो. ब्रिटनमध्ये यावर कायदा फार कडक आहे. तिथल्या खासगी आणि व्यापारी होड्यांचा लाल एन्साइन १६७४ पासून चालत आला आहे, पांढरा नौदलाचा. १९९५ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानुसार भलताच ध्वज लावला तर ५०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. एकाच खासगी क्लबच्या सभासदांना तिथे पांढरा ध्वज लावता येतो, तो काउझचा रॉयल यॉट स्क्वॉड्रन. ही मुभा १८२९ ची. अमेरिकेत उलट जरा ढिलाई आहे. तिथे १८४८ पासून यॉटसाठी खास एन्साइन आहे : पट्टे नेहमीचेच, पण कोपऱ्यात नांगराभोवती १३ तारे. तो देशाच्या पाण्यातच चालतो. परदेशी जाताना ५० ताऱ्यांचा नेहमीचा राष्ट्रध्वज लावावा लागतो.

कापडामागचा कायदा

एवढ्याशा कापडाला इतकं महत्त्व का, असा प्रश्न पडतो. कारण जहाजाला नागरिकत्व असतं. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराच्या ९१ व्या कलमात म्हटलं आहे की जहाज ज्या देशाचा ध्वज लावायला पात्र आहे, त्या देशाचं त्याला राष्ट्रीयत्व. ९२ वं कलम सांगतं की जहाजाने एकाच देशाच्या ध्वजाखाली चालायचं. सोयीप्रमाणे आज हा, उद्या तो असं करणारं जहाज कुठल्याच देशाचं नाही असं धरता येतं. आणि जे कुठलंच नाही, त्याला खुल्या समुद्रात कोणत्याही देशाची युद्धनौका थांबवून तपासू शकते, कारण त्याची बाजू घेणारं सरकारच नसतं. किनाऱ्यापासून २०० मैलांवर पोलीस ठाणं नाही, तलाठी नाही. तिथे कोणत्या देशाचा कायदा तुमच्यावर चालतो याचं उत्तर पिछाडीच्या ध्वजावरून आणि होडीच्या नोंदणीच्या कागदांवरून मिळतं.

कोकण किनाऱ्याला ही रीत नवी नाही. १६ व्या शतकापासून पोर्तुगीज इथल्या गलबतांना 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यायला लावत. परवाना नसला की गलबत धरलं जाई. मराठ्यांनी त्याला उत्तर म्हणून आपली 'दस्तकं' द्यायला सुरुवात केली, आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळात त्यांचं दस्तक न घेता या किनाऱ्याने जाणं मोठ्या व्यापाऱ्यांनाही जड गेलं. समुद्र कोणाचा आणि संरक्षण कोणाचं, हा वाद तेव्हाही कागद आणि निशाणावरच चालला होता.

एन्साइन खाली खेचणं म्हणजे शरणागती, हाही त्याच काळचा अर्थ. ११ ऑक्टोबर १७९७ ला कॅम्परडाउनच्या लढाईत 'व्हेनरेबल' या इंग्रज जहाजावर तोफेच्या माऱ्यात सेनापतीचा ध्वज कोसळला. ध्वज पडलेला पाहून बाकीच्या ताफ्याला वाटलं असतं, सेनापती हरला. म्हणून जॅक क्रॉफर्ड नावाचा खलाशी गोळीबारात मोडक्या डोलकाठीवर चढला आणि त्याने ध्वज खिळ्यांनी ठोकून बसवला. निरोप चुकू नये म्हणून माणसाने जीव पणाला लावला.

काठी नसेल तर, आणि बाकीच्या जागा

पिछाडीची काठी ही सर्वसाधारण जागा झाली. मागे दुसरी, छोटी डोलकाठी असलेल्या होड्यांवर एन्साइन त्या मागच्या काठीच्या टोकाला लावतात. जुन्या पद्धतीच्या गॅफ शिडाच्या होड्यांवर शिडाच्या वरच्या तिरक्या दांड्याच्या टोकाला. आजच्या एका डोलकाठीच्या होडीवर पिछाडीची काठी धरावी, त्यात कधी चूक होत नाही.

बाकी बावट्यांसाठी डोलकाठीकडे पाहायचं. तिच्यावर मध्ये दोन्ही अंगांना हात पसरल्यासारखे आडवे दांडे निघालेले असतात, त्यांना स्प्रेडर म्हणतात. प्रत्येक स्प्रेडरखाली एक बारीक दोर खालीवर फिरतो. उजव्या स्प्रेडरची जागा मानाची, डाव्याची दुय्यम. उजव्या बाजूला हा मान का मिळाला याची नक्की कथा मी सांगणार नाही. पण जुन्या होड्यांचं सुकाणूचं फळकूट उजव्या कुशीला असायचं आणि त्यावरूनच त्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात, एवढं ठाऊक असलं की ती बाजू लक्षात राहते.

क्लबचा तिकोनी बावटा असतो, त्याला बर्जी म्हणतात. मुंबईत अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. अशा प्रत्येक क्लबची आपली बर्जी असते. तिची मूळ जागा डोलकाठीचं टोक. पण आता त्या टोकावर वाऱ्याचं यंत्र, रेडिओची अँटेना, दिवा अशी दाटी झालेली असते, म्हणून बहुतेक जण बर्जी उजव्या स्प्रेडरखाली आणतात. आणि इथे एक पेच उभा राहतो. परक्या देशात त्याच उजव्या दोरावर यजमान देशाचा बावटा लावायचा असतो आणि त्याच्यावर दुसरं काही चालत नाही. बर्जीच्या परंपरेप्रमाणे बर्जीच्या वरही दुसरं काही चालत नाही. दोघींना एका दोरावर बसवायचं तर एकीचा अपमान ठरलेला. यावर जाणत्यांमध्येही एकमत नाही. माझा कौल सरळ आहे : पाहुणे म्हणून गेलो आहोत, तर यजमानाला उजवी बाजू पूर्ण द्यावी आणि बर्जी डावीकडे न्यावी. क्लबातले आपले लोक समजून घेतील; परक्या बंदरातला अधिकारी घेईलच असं नाही.

परक्या दारात : आधी पिवळा, मग पाहुणचाराचा

मला सगळ्यांत सुंदर वाटणारी रीत ही आहे. दुसऱ्या देशाच्या पाण्यात, म्हणजे साधारण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत शिरलं की उजव्या स्प्रेडरवर एक पिवळाधमक चौकोनी बावटा चढवायचा. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेतला हा 'क्यू'. त्याचा अर्थ : माझी होडी निरोगी आहे आणि मला बंदरात यायची परवानगी हवी आहे. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात पिवळा रंग साथीच्या रोगाचा, विलगीकरणाचा होता. लोकांच्या मनात अजूनही पिवळा म्हणजे आजारी होडी असाच समज आहे. संहितेतला आजचा अर्थ अगदी उलटा आहे.

पिवळा वर असेपर्यंत कप्तानाखेरीज कोणी किनाऱ्यावर उतरत नाही, काही ठिकाणी कप्तानही नाही. आरोग्य, कस्टम, इमिग्रेशन हे सोपस्कार झाले की पिवळा उतरतो आणि त्याच जागी त्या देशाचा छोटा ध्वज चढतो. हा कर्टसी फ्लॅग. समुद्र कायद्यात तो सक्तीचा नाही, रीत आहे. पण काही देश ती नियमासारखी पाळायला लावतात, आणि फाटका, विटका किंवा उलटा ध्वज कुठल्याच बंदरात खपवून घेत नाहीत.

यातही बारकावा आहे. ज्या देशाचा सागरी ध्वज वेगळा आहे, तिथे कर्टसी म्हणून तो सागरी ध्वज लावायचा. ब्रिटनमध्ये जाणाऱ्या होडीने लाल एन्साइन लावायचा, युनियन जॅक नव्हे. होडीवर युनियन जॅक हा त्यांच्या नौदलाचा मान आहे.

आपल्या 'तारिणी'चा प्रवास घ्या. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून गोव्यातच परतल्या. होडीही गोव्यात बांधलेली, ५५ फुटांची. नौदलाची नौका म्हणून पिछाडीला नौदलाचा पांढरा ध्वज. थांबे ठरले होते फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन; परतीच्या वाटेवर दुरुस्तीसाठी मॉरिशसलाही थांबावं लागलं. अशा सफरीवर निघणाऱ्या कुठल्याही होडीच्या खणात प्रत्येक थांब्याचा छोटा ध्वज आधीच लागतो, आणि न ठरलेल्या थांब्याचाही असलेला बरा. त्याआधी, १९ ऑगस्ट २००९ ला कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकटे निघाले होते. पृथ्वीप्रदक्षिणा एकट्याने करणारे ते पहिले भारतीय. त्यांचेही चार थांबे हेच होते.

पोर्ट स्टॅन्लीचं नाव आलंच आहे तर सांगतो, कर्टसी फ्लॅग किती नाजूक होऊ शकतो. स्टॅन्ली ज्या फॉकलंड बेटांवर आहे ती ब्रिटनकडे आहेत, पण अर्जेंटिना त्यांच्यावर आपला हक्क सांगतो. डिसेंबर २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या मेर्कोसूर गटाच्या देशांनी ठरवलं की फॉकलंडचा ध्वज लावलेल्या जहाजांना आपल्या बंदरांत घ्यायचं नाही. जहाज तेच, खलाशी तेच, मासळी तीच. केवळ ध्वजावरून दार बंद. स्टॅन्लीहून निघालेली होडी तिथला ध्वज वर तसाच ठेवून अर्जेंटिनाच्या बंदरात शिरली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून एका देशाचं पाणी सुटलं की त्याचा कर्टसी फ्लॅग उतरवायचा. भेट दिलेल्या दहा देशांचे ध्वज माळेसारखे लावून मिरवणं दिसायला छान, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

होडीवर वेगवेगळ्या देशांची माणसं असली तर त्यांचे ध्वज डाव्या स्प्रेडरवर लावायची प्रथा काही ठिकाणी आहे. मला ती टाळलेली बरी वाटते.

अक्षरांचे बावटे

आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेचं मूळ १८५७ च्या ब्रिटिश व्यापारी संहितेत आहे. तिच्यात १८ बावटे होते आणि स्वर गाळलेले होते, कारण स्वर घातले की नकळत भलतेसलते शब्द तयार होण्याची भीती. आजच्या संहितेत रोमन लिपीच्या २६ अक्षरांचे बावटे, १० अंकांच्या निमुळत्या पताका, तेच अक्षर पुन्हा लागलं तर वापरायचे तीन बदली बावटे आणि एक उत्तराची पताका, असा ४० चा संच आहे. रंग पाचच : लाल, निळा, पिवळा, काळा, पांढरा. दुरून, धुक्यात, समुद्राच्या रंगावर एवढेच खात्रीने ओळखू येतात.

सगळे चाळीस पाठ करायची गरज नाही. पण तीनचार यायलाच हवेत, आणि ते होडी चालवणाऱ्यापेक्षाही शेजारून जाणाऱ्याला जास्त हवेत. 'ए' : काठीकडे पांढरा, बाहेर निळा, टोकाला खाच. अर्थ, पाण्याखाली पाणबुडे आहेत, लांब राहा, वेग कमी करा. मालवण, तारकर्लीला किंवा गोव्याला स्कूबाच्या होड्यांजवळून मोटरबोट हाकणाऱ्या प्रत्येकाला हा एक बावटा ओळखता आलाच पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं. पंख्याच्या पात्याखाली माणूस असू शकतो. हौशी पाणबुड्यांचा लाल कापडावर तिरका पांढरा पट्टा असलेलाही एक बावटा आहे. अर्थ तोच घ्यायचा.

'ओ' : तिरका विभागलेला लाल-पिवळा. माणूस पाण्यात पडला आहे. 'एन' वर आणि 'सी' खाली असे एकत्र दिसले तर होडी संकटात आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की राष्ट्रध्वज उलटा लावला म्हणजे मदतीची हाक. टक्करविरोधी नियमांतल्या संकटसंकेतांच्या यादीत तो नाही. शिवाय किती देशांचे ध्वज उलटे केले तरी तसेच दिसतात, आणि तिरंगा उलटा लावणं हा तर आपल्याकडे गुन्हा आहे.

एकाच बावट्याचा अर्थ प्रसंगाने कसा बदलतो ते 'पी' मध्ये दिसतं : निळा, मध्ये पांढरा चौकोन. बंदरात हा लागला म्हणजे जहाज निघणार आहे, सगळ्यांनी परत या. शर्यतीत मात्र सुरुवातीला पाच मिनिटं असताना वर्गाचा, म्हणजे शर्यतीतल्या होड्यांच्या प्रकाराचा, बावटा चढतो, चार मिनिटं असताना 'पी' चढतो, एक मिनिट उरलं की 'पी' उतरतो आणि वर्गाचा बावटा उतरला की शर्यत सुरू. शर्यतीचीच आणखी एक जुनी रीत आहे. शर्यतीत असलेली होडी एन्साइन उतरवून ठेवते. दुरून येणाऱ्याला पिछाडी मोकळी दिसली की कळतं, ही मंडळी शर्यतीत आहेत, शक्य तर त्यांचा वारा अडवू नये. शर्यत सोडली की एन्साइन पुन्हा लावायचा.

सणासुदीला नाळेपासून डोलकाठीवरून पिछाडीपर्यंत सगळे अक्षरबावटे ओळीने बांधतात. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातल्या होड्या पताकांनी नटलेल्या आपण पाहतो, तसाच तो थाट. पण हे नटणं होडी नांगरावर किंवा धक्क्याला असतानाच. चालत्या होडीवर एवढी अक्षरं लावली तर समोरचा वाचायचा प्रयत्न करील.

वेळ आणि सलाम

एन्साइन सकाळी आठला चढतो आणि सूर्यास्ताला उतरतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सकाळी नऊ आणि उन्हाळ्यात, सूर्य उशिरापर्यंत असला तरी, रात्री नऊला उतरवायची रीत आहे. चढवताना एन्साइन आधी, बाकी सगळे नंतर. उतरवताना बाकी आधी, एन्साइन शेवटी. शोकप्रसंगी अर्ध्यावर ठेवायचा असेल तर आधी पूर्ण वर न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा. उतरवतानाही आधी पुन्हा वर, मग खाली.

युद्धनौका जवळून गेली तर व्यापारी जहाज आपला एन्साइन अर्ध्यावर आणतं, युद्धनौका आपला खाली आणून पुन्हा वर नेते, मग व्यापारी जहाज आपला वर नेतं. समुद्रातला हा रामराम. एन्साइनची ही रीत राष्ट्रध्वजाला लावायची नाही : १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानासंबंधीच्या कायद्याप्रमाणे तिरंगा कुणाला मानवंदना म्हणून झुकवणं हा अवमान आहे. ध्वजसंहिता २००२ मध्ये आणखी एक गोष्ट होडीवाल्यांसाठी आहे : तिरंगा होडीच्या टपावर, बाजूंवर किंवा मागे पांघरायचा नाही. पिकनिकच्या होड्यांवर हे सर्रास दिसतं, बहुतेक वेळा प्रेमापोटीच. प्रेम दाखवायचं असेल तर काठीला नीट बांधावा, सुटून पाण्यात पडणार नाही असा.

कापड, दोर, गाठ

आता हातातल्या गोष्टी. अमेरिकेतला ठोकताळा सोपा आहे : होडी जितके फूट लांब, तितके इंच एन्साइनची लांबी. ३६ फुटी होडीला ३६ इंच, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर, आणि तीनास दोन या प्रमाणात रुंदी ६०. बर्जी आणि कर्टसी फ्लॅगसाठी पाण्यापासून डोलकाठीच्या उंचीच्या दर फुटाला अर्धा इंच. दुकानात मिळणारे छोटे ध्वज डोलकाठीवर रुमालासारखे दिसतात, त्यामुळे हा हिशेब कामाचा.

चांगल्या ध्वजाच्या काठीकडच्या कडेला जाड कापडाची नळी शिवलेली असते आणि तिच्यातून दोरी गेलेली असते. दोरीच्या वरच्या टोकाला लाकडी गुल्ली, खालच्या टोकाला फास. चढवायच्या दोराला उलट : एका टोकाला फास, दुसऱ्याला गुल्ली. त्यामुळे अंधारात, थंडीने बोटं बधिर झालेली असतानाही ध्वज उलटा लागूच शकत नाही. कुण्या खलाशाने हे पहिल्यांदा केलं असेल त्याला मनोमन हात जोडावेसे वाटतात.

ध्वज झिजतो तो नेहमी मोकळ्या बाजूने. वाऱ्यात ती कड चाबकासारखी फटकारत असते, आधी कोपऱ्याची शिवण सुटते, मग धागे. पहिले दोन धागे निघाले की लगेच तेवढी पट्टी कापून कड पुन्हा दुमडून शिवायची, दोन ओळी, कोपऱ्यात चार. एवढं केलं की ध्वज आणखी बराच काळ टिकतो. थोडा आखूड होतो, पण आखूड चालतो, चिंध्या झालेला चालत नाही. तिरंगा फाटला तर मात्र त्याचा निरोप खासगीत, मानाने, शक्यतो जाळून घ्यायचा असं ध्वजसंहिता सांगते.

आणि रात्री रिकामे दोर डोलकाठीपासून ओढून बाजूला बांधायचे. अॅल्युमिनियमच्या काठीवर सुटा दोर रात्रभर टण् टण् वाजतो आणि शेजारच्या दहा होड्यांची झोप जाते. हा कुठल्या ध्वजाचा शिष्टाचार नाही, पण नांगरावर शेजाऱ्याची ओळख यावरूनच होते.

मित्राचा तिरंगा त्या दिवशी उतरला, काकांनी चौघांना धरून त्याची घडी घालायला लावली आणि तो खालच्या कपाटात गेला. लाल एन्साइन तयार मिळेना. शेवटी ताडपत्र्या आणि शिडं शिवणाऱ्या एका कारागिराकडून शिवून घेतला, ९० बाय ६०, कोपऱ्यात चार ओळी टिपेच्या. जानेवारीत तो पहिल्यांदा पिछाडीला लागला. संध्याकाळी नांगरावर असताना सूर्य कुलाब्याच्या इमारतींमागे गेला तेव्हा सव्वासहा झाले होते. आधी बर्जी उतरवली. मग मित्र पिछाडीला गेला, काका उठून उभे राहिले, म्हणून आम्हीही उभे राहिलो. मित्राने दोर सावकाश सोडला, गुल्ली फासातून काढली आणि कापड पाण्याला न लागू देता हातावर घेतलं.